छप्पर कोणी शाकारलं?

(सहायक सभासदांच्या पावसाळी मेळाव्यात एका पालकांनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन. मुलीच्या इच्छेनुसार नावं दिलेली नाहीत.)



मला विषय दिला आहे, 'ल्युकेमियाच्या आजारात आप्तांचा आधार'. मी शाळेत क्लार्क आहे. भाषणाची सवय नाही, हजेरीपट वाचायची आहे. तेव्हा जसं आठवेल तसं सांगतो. माझ्या मुलीला सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. ती आता बारावीत आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही पुढचा अर्धा तास जीव मुठीत धरून बसणार नाही. तिने मला बोलायची परवानगी दिली आहे, पण दोन अटींवर. तिचं नाव घ्यायचं नाही, आणि 'बिचारी' हा शब्द वापरायचा नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली पक्षाघाती माणसाची गोष्ट आपण सगळ्यांनी संडे स्कूलमध्ये ऐकलेली आहे. चौघे त्याला खाटेवर घालून आणतात. दारात गर्दी असते, म्हणून वर चढतात, छप्पर उसकटतात आणि खाट खाली सोडतात. त्या चौघांच्या विश्वासावर मी किती उपदेश ऐकले असतील! पण मुलीच्या आजारपणापासून माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न बसला आहे. ते छप्पर नंतर कोणी शाकारलं? घर कोणाचं तरी होतं, रात्री तिथे कोणीतरी निजणार होतं. आणि ते चौघे खाट घेऊन गेले त्या दिवशी त्यांच्या घरची गुरं कोणी बांधली, पोरांना कोणी जेवू घातलं? ते लिहिलेलं नाही. मला आज त्या न लिहिलेल्या माणसांबद्दल बोलायचं आहे. ल्युकेमियात पोर हाती लागतं की नाही, हे डॉक्टर आणि औषध यांच्याइतकंच त्या माणसांवर ठरतं. भावनेच्या भरात म्हणत नाही. कसं ते पुढे येईल.

आजार कसा कळला ते थोडक्यात. जानेवारी २०१४. तीन आठवडे मुलीच्या अंगात कसकस, संध्याकाळी ताप. पाय दुखतात म्हणून रात्री रडायची. चेहरा पांढरा पडत चालला. नडग्यांवर निळे डाग, आणि कुठे आपटल्याचं तिला आठवत नव्हतं. दात घासताना हिरडीतून रक्त आलं त्या दिवशी डॉक्टरांनी रक्ताची तपासणी सांगितली. हिमोग्लोबिन ५.८. प्लेटलेट १८ हजार, जिथे दीड लाखाच्या वर हव्यात. पांढऱ्या पेशी ६४ हजार, ज्या साधारण ११ हजारांच्या आसपास थांबायला हव्यात. प्रयोगशाळेतल्या माणसाने दुसऱ्यांदा रक्त मागितलं तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

इथे आदिवासी पाड्यांवर काम करणारे बरेच जण बसले आहेत, म्हणून एक गोष्ट मध्येच सांगतो. पांढरं पडलेलं मूल दिसलं की तुमच्या मनात सिकलसेल, मलेरिया किंवा पंडुरोग येतो, आणि बहुतेक वेळा असतंही तेच. पण पांढरेपणाबरोबर लांबलेला ताप, हाडं दुखणं आणि अंगावर निळे डाग असतील, तर लोहाच्या गोळ्या देऊन महिनाभर वाट पाहू नका. रक्ताची पूर्ण तपासणी लगेच करून घ्या आणि काचेवरचं रक्त जाणत्या डॉक्टरला दाखवा. तपासणीला फार पैसे लागत नाहीत. त्यात गेलेला महिना मात्र परत मिळत नाही.

आमच्या मुलीला होता तो तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांत आढळणाऱ्या कर्करोगांत ल्युकेमियाच पुढे आहे आणि त्यातही हा प्रकार. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं. तिथे कच्च्या, बिनकामाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींची जागा अडवतात. मी हे घरी समजावून सांगत होतो तर माझी भावजय म्हणाली, "म्हणजे तण माजलंय, भाऊजी. औषध मारायचं, पण पिकालाही थोडं लागणार." मोठमोठ्या पुस्तिका नंतर वाचल्या. त्यात याहून सोपं काही सापडलं नाही.

त्या रात्री मी आईला सांगितलं. माझी आई लवकर विधवा झाली. द्राक्षबागेत रोजंदारी करून तिने आम्हा दोघा भावांना वाढवलं. मला वाटलं, ती कोसळेल. तिने विचारलं, "किती दिवसांचं आहे?" मी म्हणालो, "डॉक्टर अडीच वर्षं म्हणतात." ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग वाटून घ्यावं लागेल. एकट्याने ओढलं तर सहा महिन्यांत मोडशील." आणि धाकट्याला भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं.

रडणं झालं नाही असं नाही. पण मी आणि बायको रडलो ते वेगवेगळे, एकमेकांच्या नजरेआड. वाटणी मात्र सगळ्यांसमोर झाली. बायको मुलीबरोबर मुंबईला राहणार. मी नोकरीवर राहणार, कारण पगार आणि भविष्यनिर्वाह निधी हाच आमचा आधार. भाऊ एसटीच्या वर्कशॉपला होता, तो दर शनिवारी रात्रपाळीला मुंबईला जाणार, म्हणजे बायकोला आठवड्यातून एक रात्र सलग झोप. भावजय आमच्या तीन वर्षांच्या मुलाला सांभाळणार. आणि आईने स्वतःकडे घेतला दरवाजा. दरवाजा म्हणजे काय, ते सांगतो नंतर.

परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून उभं आहे आणि सगळ्या देशातून माणसं तिथे येतात. तुमच्यापैकी ज्यांनी ते पाहिलं असेल त्यांना बाहेरचा फूटपाथही आठवत असेल. प्लास्टिकचा कागद, स्टोव्ह, गाठोडी, आणि आडवा पडलेला रोगी. मोठ्या माणसाचं तिथे कसंबसं निभतं. ल्युकेमियाच्या मुलाचं निभत नाही, कारण औषधाने पांढऱ्या पेशी खाली येतात आणि साधा जंतू जीव घेऊ शकतो. म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टर औषधाबद्दल बोलण्याआधी विचारतात, "राहणार कुठे?" आम्हाला कुर्ल्याला बायकोची आत्या होती. एक खोली, पाच माणसं. आत्यांनी काय केलं, तर खोली या दोघींना दिली आणि स्वतःची चार माणसं शेजारच्या दोन घरांत वाटून टाकली. तीन आठवडे. त्याबद्दल एक शब्द नाही, उपकाराची आठवण नाही. पुढे धर्मशाळेत जागा मिळाली. ही माहिती लिहून ठेवा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल: दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, आणि बाहेरगावहून आलेल्या कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना मोफत खोली देणारी सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून मुंबईत काम करते. जागा भरलेल्या असतात, तरी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नाव नोंदवायचं आणि रोज जाऊन विचारायचं. रोज. लाजायचं नाही.

पहिला महिना सर्वांत कठीण. स्टेरॉइडमुळे मुलीला अशी भूक लागायची की पहाटे तीन वाजता उठून वरणभात मागायची. गाल सुजले, स्वभाव चिडका झाला. आईला चावली एकदा. पाठीच्या कण्यातून इंजेक्शन देताना तिला मांडीवर वाकवून धरावं लागे, ते बायकोने केलं. मी एकदाच गेलो त्या खोलीत आणि परिचारिकेने मलाच खुर्चीवर बसवून पाणी दिलं. केस गेले. केस गेले त्याचं दुःख आम्हाला झालं, तिला नाही. तिला टोपी मिळाली ना.

फोनवर आम्ही नवरा-बायको काय बोलायचो, सांगू? आकडे. "काउंट किती?" "बाराशे." "प्लेटलेट?" "तीस." "ताप?" "नाही." संपला फोन. कित्येक महिने आम्ही एकमेकांना 'कशी आहेस' विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघांचाही बांध फुटला असता आणि फोनला पैसे पडतात. हे जाणलं कोणी, तर माझ्या भावाने. रविवारी परत येताना तो वहिनीचा निरोप तोंडी आणायचा. ती काय जेवली, कशावर हसली, कोणाशी भांडली. अर्धा तास बसून सांगायचा. मंडळी, रात्रभर दवाखान्यात जागून, पंचवटी नाहीतर मिळेल ती गाडी पकडून आलेला माणूस हे करायचा. मी त्याला विचारलं, दमत नाहीस का? म्हणाला, "दादा, हेच तर माझं काम आहे. तिथे काय, नर्स आहेत."

थोडं विषयांतर करतो, कारण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलीच्या औषधांत व्हिन्क्रिस्टिन नावाचं इंजेक्शन होतं. ते सदाफुलीपासून निघतं. आपल्या चर्चच्या कुंपणाला आहे ती सदाफुली. म्हणून कोणी तिची पानं उकळून पाजू नका, ती विषारी आहेत. औषध म्हणजे त्यातला अगदी थोडा, मोजून काढलेला अंश. दुसरं औषध होतं मेथोट्रेक्सेट. त्याची मुळं शोधत गेलं तर पुन्हा परळलाच यावं लागतं. १९३० च्या सुमारास लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई हाफकिन संस्थेत मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या होतात, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक आम्ल. मग बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांच्या ध्यानात आलं की ल्युकेमियाच्या पेशींना हेच आम्ल लागतं, तर ते अडवणारं औषध द्यावं. असं औषध तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ मध्ये पहिल्यांदा ल्युकेमियाची मुलं काही काळ का होईना सुधारलेली जगाने पाहिली. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. परळच्या चाळीतल्या, नावं कुठेही न नोंदलेल्या बायकांच्या रक्तापासून निघालेली वाट फिरून माझ्या मुलीपर्यंत आली. वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून मी याचा फार विचार करत असे. तिथे दुसरं करायला असतंच काय?

आता आईचा दरवाजा. मुलगी मधल्या सुटीत घरी आली की माणसं भेटायला येत. प्रेमानेच येत. एका रविवारी उपासनेनंतर चौदा जण आले, द्राक्षं घेऊन. त्यातले दोघे खोकत होते. तिचा काउंट तेव्हा आठशे होता. आई उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "बाहेरूनच प्रार्थना करा बाबांनो. देवाला भिंतीतून ऐकू येतं." काही जण रागावले. एकजण अजून धरून आहेत, इथे आले असतील तर त्यांना सलाम. पण बाकीच्यांनी अंगणात उभं राहून प्रार्थना केली, आणि खिडकीतून मुलीने हात केला. द्राक्षं आईने शेजारच्या पोरांना वाटली. आम्हाला सांगितलेलं होतं, कच्चं काही नाही. पाणी उकळून गार केलेलं, अन्न ताजं शिजवलेलं, फळ जाड सालीचं आणि सोलून. आणि ताप १००.४ च्या वर गेला की रात्र असो, लग्न असो, तासाभरात दवाखाना. सकाळी बघू, हे शब्द आमच्या घरातून अडीच वर्षं हद्दपार होते.

मग लोकांनी विचारलं, आम्ही करायचं काय? खरं तर लोकांना करायचं असतं, कळत नसतं. तरुण संघातल्या एका मुलाने स्वतःहून एक यादी केली. कोणाचा रक्तगट काय, कोण मुंबईत असतं, कोणाला कधी सुटी. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून माणूस लागतो तो आजच्या आज लागतो. रक्त दिलं की तीन महिने थांबावं लागतं, पण यंत्रावर नुसत्या प्लेटलेट काढल्या तर तोच दाता लवकर पुन्हा देऊ शकतो. वजन बरं हवं, शीर चांगली हवी, आणि आधीच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेलं नको. त्या यादीतली अकरा माणसं मुंबईला जाऊन आली. त्यातल्या सहा जणांनी माझ्या मुलीला अजून पाहिलेलं नाही.

काही कडू अनुभवही आले, ते लपवत नाही. एका बाईंनी माझ्या बायकोला विचारलं, तुमच्या घरात कोणाचं पाप झालं होतं? एकांनी सांगितलं, औषध बंद करा, विश्वास कमी पडतो आहे. माझी बायको दोन दिवस जेवली नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनीही हाच प्रश्न विचारला होता आणि प्रभूने तो मोडीत काढला होता, हे आपण दरवर्षी वाचतो, तरी वेळ आली की तोच प्रश्न तोंडातून बाहेर पडतो. माझी विनंती आहे, आजाऱ्याच्या घरी कारण शोधायला जाऊ नका. आमचे तेव्हाचे पाळक आले ते जेवणाचा डबा घेऊन. छोटी प्रार्थना केली आणि विचारलं, लाईटबिल भरायचं राहिलंय का? राहिलं होतं.

आता आमच्या मुलाचं सांगतो. हे सांगायला मला जड जातं. बायको जानेवारीत गेली ती ईस्टरला चार दिवसांसाठी पहिल्यांदा घरी आली. मुलगा तीन वर्षांचा. दारात आई दिसल्यावर तो भावजयीच्या मागे जाऊन लपला. तिला 'आई' म्हणू लागला होता. भावजयीला तेव्हा स्वतःचं मूल नव्हतं, हेही लक्षात घ्या. माझी बायको काही बोलली नाही, पिशवी ठेवली आणि मोरीत जाऊन हातपाय धूत राहिली, किती तरी वेळ. त्या रात्री मुलगा भावजयीच्या कुशीतच झोपला.

सकाळी उठून पाहतो तर भावजय घरात नाही. ती पहाटेच्या गाडीने माहेरी निघून गेली होती. आईला सांगून गेली, "मी इथे असले तर तो तिच्याकडे जाणार नाही. रडू दे त्याला एक दिवस." तो रडला, दुपारपर्यंत रडला, मग दमून माझ्या बायकोच्या मांडीवर झोपला. तिसऱ्या दिवशी तिच्या हातून जेवला. चौथ्या दिवशी ती मुंबईला निघाली तेव्हा तिच्यासाठी रडला. संध्याकाळी भावजय परत आली आणि चूल पेटवली. तिने काय सोडून दिलं आणि काय पुन्हा उचललं, ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. मी आज बोलतोय, ते तिला आवडणार नाही. ती मागच्या रांगेत बसली आहे.

आता मघाशी जे म्हणालो, की पोर हाती लागतं की नाही हे या माणसांवर ठरतं, त्याचं सांगतो. एप्रिलच्या शेवटी शेजारच्या खाटेवर सातपुड्यातल्या धडगाव भागातला एक आठ वर्षांचा मुलगा आला. बरोबर फक्त वडील. आजार तोच, औषध तेच, डॉक्टर तेच. औषधाचा खर्च योजनेतून होत होता. मुलगा माझ्या मुलीपेक्षा लवकर सुधारला. महिन्याभरात तपासणीत रोगाच्या पेशी दिसेनाशा झाल्या. याला रेमिशन म्हणतात. रेमिशन म्हणजे बरं होणं नव्हे. वरचं तण दिसत नाही, मुळं मातीत आहेत. म्हणून तर पुढे दोन वर्षं औषध. पण त्या बापाला मराठी मोडकी, हिंदी त्याहून मोडकी. त्याच्या भाषेत कोणी सांगितलं नाही. त्याला कळलं ते एवढंच, की रक्त साफ झालं. आणि समोर मुलगा उड्या मारतो आहे.

जूनमध्ये पावसाची चाहूल लागली. घरी तीन पोरं, बायको पोटुशी, दोन-अडीच एकर कोरडवाहू, चार शेळ्या. तो रोज आभाळाकडे बघायचा. माझ्या बायकोला एकदा म्हणाला, "ताई, पेरणी गेली तर वर्ष गेलं." आणि एका सकाळी खाट रिकामी. रुग्णालयातून फोन झाले. गावात फोन लागायला टेकडी चढावी लागायची. दिवाळीनंतर मुलाला पुन्हा ताप आला, आजार परतला. होळीच्या आधी मुलगा गेला.

तो बाप बेजबाबदार नव्हता. चार लेकरांचा बाप होता आणि एकाला वाचवायला तिघांना उपाशी ठेवणं त्याला जमेना. अशी अर्ध्यावर सुटलेली मुलं आपल्या देशात थोडी नाहीत. श्रीमंत देशांत या आजाराची दहातली जवळजवळ नऊ मुलं वाचतात. आपल्याकडे कमी वाचतात, त्याला जी कारणं आहेत त्यात हेही एक मोठं आहे. औषध मिळालं होतं. खाट मिळाली होती. मिळाला नाही तो पेरणी करणारा माणूस. माझ्याकडे आई होती, भाऊ होता, भावजय होती, आत्या होत्या. त्याच्याकडचे सगळे त्याच्यासारखेच पावसाकडे डोळे लावून बसलेले.

हे मला फार दिवस खात राहिलं. मुलीची औषधं २०१६ च्या मध्यावर थांबली. त्यानंतर आम्ही मंडळीतले पाच-सहा जण अधूनमधून अशा कुटुंबांबरोबर जातो. संस्था नाही, नाव नाही, पावतीपुस्तक नाही. कोणी कळवलं तर जातो. आधी पाड्यावर जातो, मग दवाखान्यात. बरोबर त्यांची भाषा बोलणारं कोणीतरी असतंच. पावरी असेल, कोकणी असेल. आणि 'बरं वाटेल पण बरं झालेलं नसेल' हे एक वाक्य त्यांच्या भाषेत तीन वेळा सांगतो, आजी-आजोबांनाही, कारण घरी परत बोलावणारे तेच असतात. मग घरचं विचारतो. शेळ्या कोणाकडे, धाकटी कोणाकडे, शेत कोण करणार.

कागदांचंही सांगतो, कारण तिथे माणसं अडतात. रेशनकार्ड आणि आधार यांवरचं नाव जुळतं का ते निघण्याआधीच पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती आता पाच लाख केली आहे. पण योजनेत दूध येत नाही, भाडं येत नाही, बुडालेली मजुरी येत नाही. रेल्वेत कर्करोगाच्या रोग्याला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि बरोबरच्या एकाला पाऊण सवलत. त्याचा फॉर्म रुग्णालयातच भरून मिळतो. मागितला तरच मिळतो, एवढं लक्षात ठेवा. परतीच्या तारखा एका मोठ्या कागदावर लिहून घराच्या दाराला आतून चिकटवायच्या. आणि तारखेच्या आदल्या दिवशी फोन करायचा. आम्ही करतो, म्हणजे माझी आईच करते बहुतेक. तिला तीन भाषा येत नाहीत, पण "उद्या जायचंय ना?" एवढं ती कोणालाही समजावते.

मुलीने विचारलं आहे की भाषणात तिचं काय सांगणार. तिची दरवर्षी एकदा तपासणी असते. गणितात बरी आहे, रागीट आहे. पहाटे तीनला वरणभात अजून मागते कधीकधी, पण आता तो तिला स्वतःला करावा लागतो.

आता शेवटचं, आणि हे कामाचं आहे. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची सात वर्षांची मुलगी सोमवारी तिच्या आईबरोबर मुंबईला परत जायची आहे. पहिला महिना झाला आहे. छान खेळते आहे, म्हणजे धोक्याची वेळ हीच. खोली मिळाली आहे. शेळ्या तिच्या मावशीकडे गेल्या. धाकट्या भावाची सोय झाली आहे. राहिली आहे भाताची आवणी. बाप एकटा आहे आणि आवणी झाल्याशिवाय तो त्या दोघींना सोडणार नाही, तसं त्याने स्पष्ट सांगितलं आहे. रोप तयार आहे, पाऊस आहे. दहा माणसं एक दिवस लागली तर होतं. आठ झाली आहेत, दोन कमी आहेत. शनिवारी पहाटे सहाला चर्चच्या आवारातून जीप निघेल. चिखलात उभं राहायची तयारी हवी, जुने कपडे घाला. चहा आणि भाकरी माझी भावजय देणार आहे. नावं तिच्याकडेच द्या.